खर्चाचं सदर

घणसोली, सेक्टर नऊ. सोसायटीचं ऑफिस जिन्याखाली.
पंखा लावला की व्हाउचरं उडतात,
म्हणून त्यांच्यावर जळक्या पंपाचं बेअरिंग ठेवलंय.
लेखापरीक्षक नंबियार साहेब चष्मा कपाळावर चढवतात,
किर्दीत बोट ठेवतात :
‘मढवी मॅडम, हे कुठलं हेड?
एकोणीस मे. पदरमोड. अठराशे साठ.’

पंप गेला होता, साहेब. रविवार.
अध्यक्ष गावी, सेक्रेटरींचा फोन बंद
आणि सहाव्या मजल्यावर बाळंतीण.
तुर्भ्याहून माणूस आला, म्हणाला आधी पैसे.
दिले.

‘ते कळलं. शब्द कळला नाही.’

आता आली का पंचाईत.
वीस वर्षं हा शब्द वापरतेय,
कधी उलटून शिवण बघितली नव्हती.
पदर म्हणजे लुगड्याचं टोक, म्हटलं,
टोकाला गाठ, गाठीत पैसे,
म्हणून जे आपले ते पदरचे.
आणि मोड?
नोट मोडली की हातात येते ती मोड,
सोनाराकडे बांगडी घालतात तीही मोड.
मटकीला येतात ते मोड वेगळे,
पण त्यांचा इथे काहीच संबंध नाही
असं काही मी छातीठोक सांगणार नाही.
कोशात काय असेल ते असो,
हे थोडं मी पदरचं घालून सांगतेय.

साहेब हसले. ‘म्हणजे अर्थालाही पदरमोडच!’
मग त्यांच्या भाषेतला एक शब्द त्यांनी टेबलावर ठेवला,
मडिशीला. कमरेच्या घडीतली कापडी थैली.
आजोबांच्या मुंडूत असायची, म्हणाले,
आणि शर्टाच्या खाली, जिथे ती नव्हती, तिथे
उगाच हात फिरवला.

माझी आई तळवली नाक्यावर सुकट विकायची.
कमरेला पिशवी. ती धंद्याची,
संध्याकाळपर्यंत तिच्यातल्या पैशाचा चहासुद्धा नाही.
पदरातली गाठ वेगळी.
एकदा बाजारपावती फाडणाऱ्यानं
शेजारच्या पाटीवालीची पाटीच उचलली,
तिची भवानीही झाली नव्हती.
आई काही बोलली नाही.
गाठ दातांत धरून सोडायला लागली.
तो पाटी धरून उभा. गिऱ्हाईक उभं. मी उभी.
ओल्या सुताची गाठ, सुटता सुटेना.
शेवटी निघालेली नाणी
त्यानं नाक मुरडून घेतली, जवळ्याचा वास होता त्यांना.
घरी येताना मी विचारलं, पिशवीतले का नाही दिलेस? पटकन झालं असतं.
म्हणाली, ‘गाठ सोराला येल लागतं बाय,
तवरा इचार करून होतं.’

मी अठराशे साठ फोनवरून दिले होते.
टिंग वाजलं, झालं.
विचार पुढच्या आठवड्यात केला.

साहेबांनी व्हाउचर पुढे सरकवलं.
‘दुरुस्ती-देखभालमध्ये टाकू. सही करा, परत मिळतील.’
मी सही केली. खोटं कशाला बोलू,
महिनाअखेर होती.
पण करता करता लक्षात आलं,
परत मिळाले की ती पदरमोड राहत नाही,
नुसती उसनवारी होते.
त्या पाटीवालीनं आईला परत दिले की नाही
मला माहीत नाही.
आईला विचारलं असतं तर तिनं म्हटलं असतं, कसले पैसे?

किर्दीतल्या शब्दावर त्यांनी एक आडवी रेघ ओढली,
खाडाखोड नको म्हणून पट्टीनं, अगदी बारीक,
खालचं वाचता येईल अशी.

निघालो तर लिफ्ट तिसऱ्यावर अडकलेली.
वॉचमन म्हणाला, माणूस बोलावू? सांगा, देणार कोण?
साहेबांनी माझ्याकडे बघितलं.
माझा हात आपसूक डाव्या खांद्यावर गेला,
कुर्त्याची शिवण लागली,
आणि तेवढ्यापुरता
थोडा वेळ मिळाला.